परदेशी शिक्षणाचे एजंट : सल्ला कोणाला, मोबदला कोणाकडून?

बारावीचे निकाल जवळ आले की परदेशी शिक्षणाच्या जाहिराती सुरू होतात. ‘मोफत समुपदेशन’, ‘जागेवर प्रवेश’, ‘व्हिसाची खात्री’ असे शब्द त्यांत ठळक छापलेले असतात. पणजी-मडगावपासून बेळगाव, पुणे, वडोदरा, इंदूर आणि हैदराबादपर्यंत हे चित्र सारखेच आहे. जाहिरात देणारा व्यावसायिक स्वतःला ‘सल्लागार’ किंवा ‘समुपदेशक’ म्हणवतो. परदेशी विद्यापीठाच्या करारपत्रात मात्र त्याचा उल्लेख ‘एजंट’ असा असतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. आईवडिलांची आयुष्यभराची पुंजी, बँकेचे कर्ज आणि मुलाच्या वा मुलीच्या उमेदीची वर्षे ज्या सल्ल्यावर पणाला लागतात, तो सल्ला देणारा नेमका कोणाचा प्रतिनिधी आहे, हा मूळ प्रश्न आहे. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या प्रमुख देशांनी या प्रश्नाला कोणती उत्तरे शोधली, ती कोठे अपुरी पडली आणि आपल्याकडील कायदा याबाबत काय सांगतो, याचा हा आढावा.

एजंट म्हणजे कोण?

परदेशी विद्यापीठ किंवा महाविद्यालय यांच्यासाठी विद्यार्थी मिळवून देणारी आणि त्याबद्दल संस्थेकडून मोबदला घेणारी व्यक्ती वा कंपनी म्हणजे शिक्षण एजंट. अभ्यासक्रम सुचवणे, अर्ज भरणे, गुणपत्रिका व शिफारसपत्रे जुळवणे, शुल्क भरण्याची व्यवस्था सांगणे, व्हिसाच्या अर्जासाठी कागदपत्रे तयार करणे आणि काही वेळा निवासाची सोय पाहणे, अशी त्याची कामे असतात. ज्या घरातून आजवर कोणी परदेशात शिकायला गेलेले नाही, त्या घराला या मदतीची खरोखर गरज असते. म्हणूनच हा व्यवसाय वाढला. ऑस्ट्रेलियात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी एजंटांमार्फत येतात. तेव्हा एजंट म्हणजे फसवणूक, असे सरसकट समीकरण मांडणे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल.

मोबदल्याची पद्धत मात्र नीट समजून घ्यायला हवी. विद्यार्थ्याने प्रवेश घेतला आणि शुल्क भरले की विद्यापीठ एजंटला कमिशन देते. ते बहुधा पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्काच्या १० ते २० टक्क्यांच्या घरात असते. काही खासगी व्यावसायिक महाविद्यालये त्याहून अधिक देतात. उदाहरणादाखल, शुल्क २०,००० पौंड आणि कमिशन १५ टक्के धरले, तर एका विद्यार्थ्यामागे ३,००० पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांहून अधिक रक्कम एजंटकडे जाते. विद्यार्थ्याने प्रवेश घेतला नाही, किंवा कमिशन न देणाऱ्या विद्यापीठात घेतला, तर एजंटला काहीच मिळत नाही.

साखळी येथेच संपत नाही. मोठ्या एजंटचे विद्यापीठाशी करार असतात. त्याच्या हाताखाली गावोगावचे उपएजंट काम करतात आणि कमिशनचा वाटा घेतात. अलीकडे शेकडो संस्थांचे अभ्यासक्रम एकाच संकेतस्थळावर मांडणाऱ्या मध्यस्थ कंपन्याही आल्या आहेत. तेथे छोटा एजंट नाव नोंदवतो आणि स्वतःचा कोणताही करार नसताना अर्ज पुढे पाठवतो. अशा वेळी आपल्या गावातील कार्यालयात बसून विद्यार्थ्याशी बोलणारी व्यक्ती विद्यापीठाला नावानेही ठाऊक नसते. तिच्या तोंडी आश्वासनाची जबाबदारी कोणी घ्यायची, याचे उत्तर मग सापडत नाही.

हितसंबंधांची गुंतागुंत

या व्यवहारात तीन पक्ष आहेत : विद्यार्थी, संस्था आणि एजंट. विद्यार्थी विश्वास ठेवतो एजंटवर. पैसे देते संस्था. त्यामुळे कोणता अभ्यासक्रम योग्य, या प्रश्नाच्या उत्तरावर कोणत्या अभ्यासक्रमाचे कमिशन जास्त, या प्रश्नाची सावली पडू शकते. सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र असते अशा देशांची माहिती काही कार्यालयांत हात राखून दिली जाते, आणि मागणी नसलेल्या महाविद्यालयाचे गुणगान होते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

एजंटचा ग्राहक कोण, हा प्रश्न कराच्या संदर्भात आपल्याकडे स्पष्टपणे पुढे आला. परदेशी विद्यापीठाकडून मिळणारे कमिशन म्हणजे निर्यात केलेल्या सेवेचा मोबदला आहे, सबब त्यावर वस्तू व सेवा कर लागू नये, असा युक्तिवाद या व्यवसायातून वारंवार झाला. निर्यातीचा दावा टिकायचा तर सेवा घेणारा ग्राहक परदेशात असावा लागतो; म्हणजे तो विद्यापीठच असावा लागतो. २०१८ मध्ये पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने असा एजंट ‘मध्यस्थ’ ठरतो, असे सांगून हा दावा फेटाळला होता. करविवादाचे गुणदोष बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. कार्यालयात विद्यार्थ्याला ‘आम्ही तुमचे मार्गदर्शक’ म्हणणारा हा व्यवसाय करखात्यापुढे ‘आमचा ग्राहक विद्यापीठ आहे’ असे सांगतो.

ऑस्ट्रेलिया : संस्थेला जबाबदार धरणारा कायदा

या क्षेत्रातील सर्वांत तपशीलवार नियमन ऑस्ट्रेलियाचे मानले जाते, आणि त्यामागे अनुभवाची मोठी किंमत आहे. परदेशी विद्यार्थ्यांना द्यावयाच्या शैक्षणिक सेवांबाबतचा कायदा तेथे २००० साली झाला. पुढील दशकात कायम वास्तव्याच्या वाटेवर पाककला, केशरचना अशा अभ्यासक्रमांना महत्त्व मिळाले. छोट्या खासगी महाविद्यालयांचे पेव फुटले. ‘दोन वर्षांचा अभ्यासक्रम करा, नागरिक व्हा’ अशा थाटात भारतातील एजंटांनी हे अभ्यासक्रम विकले. २००९ साली मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांमुळे या विद्यार्थ्यांच्या राहणीकडे जगाचे लक्ष गेले. त्याच सुमारास अनेक महाविद्यालये बंद पडली आणि विद्यार्थी अर्ध्यावर रस्त्यावर आले. २०१० च्या आरंभी सरकारने स्थलांतराचे निकष बदलले, आणि ज्या आशेवर ते अभ्यासक्रम विकले गेले होते ती आशाच उरली नाही.

माजी खासदार ब्रूस बेअर्ड यांनी २०१० मध्ये सादर केलेल्या आढाव्यात एजंटांचा प्रश्न प्रकर्षाने आला. परदेशात बसलेल्या एजंटवर ऑस्ट्रेलियन कायद्याचा हात पोहोचत नाही, ही खरी अडचण होती. म्हणून कायद्याने वेगळा मार्ग धरला : एजंटच्या वर्तनासाठी त्याला नेमणाऱ्या संस्थेला जबाबदार धरायचे. प्रत्येक संस्थेने आपल्या एजंटांची नावे जाहीर करावीत, असे बंधन आले. पुढे २०१२ मध्ये शुल्क संरक्षण सेवा सुरू झाली. महाविद्यालय बंद पडल्यास विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश किंवा न वापरलेल्या शुल्काचा परतावा तीमार्फत मिळतो. एजंटला दिलेले पैसे मात्र या संरक्षणात येत नाहीत.

सध्या लागू असलेल्या २०१८ च्या राष्ट्रीय संहितेतील चौथे मानक केवळ एजंटांविषयी आहे. त्यानुसार संस्थेने प्रत्येक एजंटशी लेखी करार केला पाहिजे आणि त्याची नोंद सरकारी प्रणालीत ठेवली पाहिजे. एजंटने हितसंबंधांचा संघर्ष उघड केला पाहिजे, विद्यार्थ्याच्या हिताने आणि प्रामाणिकपणे वागले पाहिजे. तो खोटी वा दिशाभूल करणारी माहिती देत असल्याचे आढळल्यास संस्थेने करार संपवला पाहिजे. स्थलांतराविषयी सल्ला देण्याचा अधिकार वेगळ्या नोंदणीकृत सल्लागारांना आहे. शिक्षण एजंटने तो परस्पर देणे संहितेला मान्य नाही.

एवढे असूनही पळवाटा राहिल्याच. विद्यार्थी देशात पोचल्यावर त्याला नामांकित विद्यापीठातून काढून स्वस्त महाविद्यालयात वळवायचे आणि त्या बदलावर पुन्हा कमिशन घ्यायचे, असा प्रकार फोफावला. मुख्य अभ्यासक्रमाचे पहिले सहा महिने संस्था बदलण्यावर निर्बंध आहेत. पण एकाच वेळी दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्याची मुभा वापरून ते चुकवले जात. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने ही वाट बंद केली. त्याच वर्षी व्हिसा व्यवस्थेच्या गैरवापरावरील क्रिस्टिन निक्सन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अशा बदलांवरील कमिशनला बंदी घालण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. २०२५ च्या अखेरीस संमत झालेल्या दुरुस्तीने एजंटची व्याख्या विस्तारली आणि कमिशनची माहिती मागण्याचा अधिकार शासनाला दिला. म्हणजे मूळ कायद्यानंतर २५ वर्षांनी नियमनाची नजर कमिशनच्या आकड्यापर्यंत पोहोचली.

लंडन निवेदन आणि ब्रिटन

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंड या चार देशांनी एजंटांच्या नैतिक वर्तनाची सात तत्त्वे मान्य केली. ‘लंडन निवेदन’ या नावाने ती ओळखली जातात. जबाबदार व्यवहार, अद्ययावत व खरी माहिती, लेखी करारांतून येणारी पारदर्शकता, अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या हिताचे रक्षण, विद्यार्थ्याला एजंटची निवड करता यावी यासाठी पुरेशी माहिती, व्यावसायिक वर्तन आणि या क्षेत्राचा दर्जा उंचावण्यासाठी सहकार्य, असा त्यांचा आशय आहे. तत्त्वे उत्तम आहेत. परंतु ती मोडणाऱ्याला शिक्षा करणारी यंत्रणा निवेदनात नाही.

ब्रिटनने बराच काळ स्वेच्छेच्या मार्गावर भर दिला. ब्रिटिश कौन्सिल आणि विद्यापीठांशी संबंधित संघटनांनी मिळून २०२१ मध्ये एजंटांसाठी गुणवत्ता चौकट तयार केली. आचारसंहिता, एजंटांचे प्रशिक्षण आणि विद्यापीठांसाठी मार्गदर्शक सूचना हे तिचे भाग आहेत. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेने एजंटांमार्फत विद्यार्थी घेणाऱ्या सर्व संस्थांना ही चौकट स्वीकारणे बंधनकारक करण्याचे ठरवले. स्वेच्छेने जे पुरेसे साधले नाही, ते सक्तीने साधण्याचा हा प्रयत्न आहे.

न्यूझीलंडमध्ये स्थलांतराचा सल्ला देण्यासाठी परवाना लागतो. पण परदेशात राहून केवळ विद्यार्थी व्हिसाविषयी सल्ला देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. आपल्या शहरातील एजंट नेमका या सवलतीत बसतो. तेथेही मग भार संस्थेवरच येतो : करार करणे, एजंटची पार्श्वभूमी तपासणे आणि गैरवर्तन आढळल्यास करार संपवणे.

अमेरिका : घरात बंदी, बाहेर मुभा

अमेरिकेतील संघराज्य कायदा सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संस्थांना विद्यार्थी भरतीच्या प्रमाणात कमिशन वा बक्षीस देण्यास मनाई करतो. सरकारी साहाय्यास पात्र नसलेल्या, परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती मात्र त्यातून वगळली आहे. म्हणजे ओहायोतील विद्यार्थ्याला जी पद्धत हानिकारक मानली गेली, ती गोव्यातील वा तेलंगणातील विद्यार्थ्याबाबत चालते. प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने यावर दीर्घ चर्चा करून २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय भरतीत कमिशनवर काम करणाऱ्या एजंटांना पारदर्शकतेच्या अटीवर मान्यता दिली.

या मोकळिकीचे दुष्परिणाम हैदराबाद आणि आसपासच्या कुटुंबांनी जवळून पाहिले आहेत. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा तेथील सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य भारतीय, त्यातही तत्कालीन आंध्र प्रदेशातील होते. नवा विद्यार्थी आणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या शुल्कातील वाटा देण्याची पद्धत तेथे होती. काही विद्यार्थ्यांच्या घोट्याला रेडिओ पट्टे बांधण्यात आले आणि त्यावरून भारतात संताप उसळला. २०१९ मध्ये उघड झालेले मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ तर अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून उभारलेले होते. विद्यार्थी मिळवून देणाऱ्या आठ जणांवर खटले भरले गेले; पण अटक झालेल्या विद्यार्थ्यांतही जवळजवळ सगळे भारतीय होते.

कॅनडा : एका बनावट पत्राची किंमत

मार्च २०२३ मध्ये कॅनडातील सुमारे ७०० भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार असल्याची बातमी आली. त्यांतील बहुतेक पंजाबचे होते. जालंधरच्या एका एजंटने त्यांना नामांकित महाविद्यालयाचे प्रवेशपत्र दिले होते. विमानातून उतरल्यावर ‘तेथील जागा भरल्या आहेत, दुसरीकडे प्रवेश घ्या’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी दुसरीकडे प्रवेश घेतला, अभ्यासक्रम पूर्ण केला, नोकऱ्या धरल्या. पुढे कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर तपासणीत मूळ प्रवेशपत्रच बनावट निघाले.

आंदोलनानंतर कॅनडाने या प्रकरणांच्या छाननीसाठी कृती दल नेमले आणि खऱ्या विद्यार्थ्यांना दिलासा देण्याचे धोरण स्वीकारले. संबंधित एजंटला कॅनडातच अटक झाली आणि मे २०२४ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची संस्थेकडून थेट खातरजमा करून घेण्याची पद्धत तेथे सुरू झाली. ही साधी खातरजमा आधीपासून असती, तर ती ७०० घरे त्या वणव्यात सापडलीच नसती.

या प्रकरणाने एक कठोर वस्तुस्थिती समोर आणली. व्हिसाच्या अर्जात खोटा कागद लागला, तर त्याची पहिली शिक्षा अर्जदाराला होते. अर्ज एजंटने भरला होता, ही सबब सहसा चालत नाही. खोट्या माहितीबद्दल कॅनडात पाच वर्षांची, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची आणि ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी येऊ शकते.

कॅनडातील एका लहान प्रांताचा दाखलाही येथे महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय शिक्षणाविषयी मॅनिटोबा प्रांताने स्वतंत्र कायदा केला. तो २०१६ पासून लागू आहे. केंद्राची वाट न पाहता त्या प्रांताने आपल्या हद्दीतील संस्थांवर त्यांच्या एजंटांच्या वर्तनाची जबाबदारी टाकली.

भारतातील कायदा : नोकरीला परवाना, शिक्षणाला नाही

आखाती देशांत आणि जहाजांवर नोकरीसाठी जाण्याची गोव्याची परंपरा जुनी आहे. त्यामुळे भरती एजंट हा शब्द येथील घराघरांत ठाऊक आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, बँक हमी द्यावी लागते आणि उमेदवाराकडून किती सेवाशुल्क घ्यावे याला मर्यादा आहे; ती वस्तू व सेवा कर वगळून ३० हजार रुपये आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

हा कायदा ‘नोकरीसाठी’ देश सोडणाऱ्यांपुरता आहे. शिक्षणासाठी जाणारा विद्यार्थी त्याच्या व्याख्येत बसत नाही. परिणामी शिक्षण एजंटसाठी देशपातळीवर परवाना नाही, पात्रता ठरलेली नाही, शुल्काची मर्यादा नाही आणि कमिशन उघड करण्याचे बंधनही नाही. मस्कतला सुतार पाठवणाऱ्याला जी कागदपत्रे लागतात, ती मेलबर्नला विद्यार्थी पाठवणाऱ्याला लागत नाहीत, आणि दुसऱ्या व्यवहारातील रक्कम पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

राज्यांपैकी पंजाबने २०१२ मध्ये मानवी तस्करी प्रतिबंधाच्या उद्देशाने कायदा केला. पुढील दुरुस्तीनंतर तो प्रवास व्यावसायिकांच्या नियमनाचा कायदा म्हणून ओळखला जातो. व्हिसा सल्लागार आणि इंग्रजी परीक्षांचे शिकवणी वर्ग यांनाही त्याखाली जिल्हा प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. तरीही कॅनडाचे प्रकरण पंजाबातच घडले. परवान्याने कार्यालयाची नोंद होते. त्या कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या कागदाची तपासणी झाली नाही, तर परवाना भिंतीवर टांगलेलाच राहतो.

वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान येथील जागांच्या जाहिरातींत ‘वैद्यकीय आयोगाची मान्यता’ असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी महाविद्यालयांना अशी मान्यता देत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी फक्त अटी घातल्या आहेत : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि इंग्रजी माध्यम. शिवाय ‘नीट’ उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. या अटी पूर्ण न करणारी पदवी घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याला भारतात वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळत नाही, मग एजंटने काहीही सांगितलेले असो.

‘मोफत’ या शब्दाचा कायदेशीर अर्थ

फसवणूक झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडे तक्रार करता येते. बनावट कागदांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. मात्र गुन्हा सिद्ध होण्यासाठी एजंटचा फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. ‘मला विद्यापीठाने तसे सांगितले होते’ असे म्हणून हात झटकणाऱ्यापुढे ही वाट लांबते.

दुसरी वाट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परंतु याच कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येने विनामूल्य दिलेली सेवा वगळली आहे. ‘मोफत समुपदेशन’ घेणाऱ्या कुटुंबाने एजंटला एक रुपयाही दिलेला नसेल, तर ‘तुम्ही माझे ग्राहकच नव्हता’ असा बचाव एजंट घेऊ शकतो. त्यावर उत्तर नाही असे नाही. सेवेचा मोबदला विद्यापीठाने दिला होता, असा प्रतिवाद करता येतो. पण तो करण्यासाठी एजंट आणि विद्यापीठ यांच्यातील कराराचा आणि कमिशनचा पुरावा लागतो, आणि नेमका तोच कुटुंबाच्या हाती नसतो. ज्या शब्दावर विसंबून कुटुंब कार्यालयाची पायरी चढते, तोच शब्द पुढे न्याय मागताना आडवा येतो. म्हणून सेवाशुल्क थोडे का असेना, दिले असेल तर त्याची पावती एजंटच्या नावाने, तारखेसह आणि कामाच्या तपशिलासह घेणे अत्यावश्यक आहे.

कुटुंबांनी काय तपासावे?

पहिली तपासणी संस्थेची. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ शकणाऱ्या संस्थांची व अभ्यासक्रमांची सरकारी नोंदवही, ब्रिटनमधील परवानाधारक प्रायोजक संस्थांची यादी, कॅनडातील नियुक्त संस्थांची यादी आणि अमेरिकेतील प्रमाणित संस्थांची यादी कोणालाही मोफत पाहता येते. नाव त्या यादीत नसेल, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

दुसरी तपासणी एजंटची. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अधिकृत एजंटांची यादी पाहावी. नसल्यास आंतरराष्ट्रीय विभागाला थेट ईमेल करून विचारावे. एजंट उपएजंट असेल, तर मूळ करार कोणाचा आहे ते लेखी मागावे.

तिसरी तपासणी कागदांची. प्रवेशपत्र हाती पडताच त्यावरील अर्ज क्रमांक देऊन विद्यापीठाकडूनच खातरजमा करावी. अर्जासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल पत्ता वापरावा आणि त्याचा पासवर्ड एजंटला देऊ नये. व्हिसाच्या अर्जाची अंतिम प्रत प्रत्येक पानासह वाचूनच सही करावी. बँकेची शिल्लक, अनुभवाचे दाखले, शिफारसपत्रे यांत ‘थोडीशी सोय’ करून देण्याची तयारी एजंटने दाखवली, तर तेथून उठून येणे हाच शहाणपणा. मूळ पारपत्र आणि गुणपत्रिका कार्यालयात ठेवू नयेत.

चौथी तपासणी पैशांची. शिक्षण शुल्क बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवावे; एजंटच्या खात्यावर किंवा रोखीने देऊ नये. शुल्क परताव्याचे नियम प्रवेश घेण्यापूर्वी वाचावेत.

आणि शेवटी चार प्रश्न, शक्यतो ईमेलवर : या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळते का? किती? कमिशन न देणारी कोणती विद्यापीठे माझ्या मुलाला योग्य ठरतील? व्हिसा नाकारला गेला तर माझे कोणते पैसे परत मिळतील? प्रामाणिक एजंटला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. ज्याला येतो, त्याचे उत्तर मिळालेच असे समजावे.

राज्याला काय करता येईल?

इतर देशांच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. केवळ तत्त्वांचे निवेदन पुरत नाही. केवळ परवानाही पुरत नाही. आणि यजमान देशांचा कायदा प्रामुख्याने त्यांच्या संस्थांना बांधतो. आपल्या शहरातील कार्यालयापर्यंत पोहोचायचे तर ते काम येथील शासनालाच करावे लागेल.

गोव्यासारख्या लहान राज्यात अशा कार्यालयांची नोंद ठेवणे अवघड नाही. नोंदणी, विद्यार्थ्याशी मराठी, कोकणी वा इंग्रजीत लेखी करार, ज्या संस्थांचे कमिशन मिळते त्यांची दर्शनी यादी, शुल्क परताव्याचे ठरलेले नियम आणि तक्रारीसाठी एक निश्चित अधिकारी, इतक्या पाच तरतुदींनीही बरेच साधेल. पंजाबने कायदा करण्याचा मार्ग दाखवला आहे, कमिशनकडे पाहण्याचा ऑस्ट्रेलियाने, आणि केंद्राची वाट न पाहण्याचा मॅनिटोबाने.

तोवर कुटुंबांना स्वतःच्या सावधपणावरच भिस्त ठेवावी लागेल. पुढच्या वेळी ‘मोफत समुपदेशन’ अशी पाटी दिसली, तर आत जाण्यास हरकत नाही. मात्र त्या समुपदेशनाचे पैसे कोण देते, हे विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.